ब्राउझरचं आडनाव

सोलापुरात चाटी गल्लीतल्या कापडदुकानात गिऱ्हाईक शिरलं, की त्याच्याशी कुठल्या भाषेत बोलायचं हे दुकानदाराला दोन सेकंदांत ठरवावं लागतं. मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी... गावात चारही चालतात. अक्कलकोटकडचा असला तर कन्नड, अशोक चौकाकडचा पद्मशाली असला तर तेलुगू, असे अंदाज कुणीही बांधेल. पण मुरलेला दुकानदार अंदाजावर जात नाही. तो सरळ "या की ओ, काय दाखवू?" म्हणतो आणि समोरून काय येतं ते बघतो. मराठीत उत्तर आलं तर गाडी पुढे, नाही आलं तर दुसरी भाषा काढायची. कारण आडनाव तेलुगू आणि तिसरी पिढी घरातसुद्धा मराठीच बोलते, अशी घरं इथं गल्लोगल्ली आहेत.

वेबसाइटसाठी जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्यापुढे गेली तीसेक वर्षं नेमका हाच प्रश्न आहे. समोर कुठला ब्राउझर (मनोगतावरच्या मंडळींनी त्याला 'न्याहाळक' असा झकास शब्द दिला होता, टिकला नाही बिचारा) येऊन उभा राहील हे आपल्याला माहीत नसतं. त्याला काय येतं, काय येत नाही, तेही माहीत नसतं. मग एक तर त्याचं नाव विचारायचं आणि नावावरून अंदाज बांधायचा. याला ब्राउझर स्निफिंग म्हणतात, म्हणजे शब्दशः हुंगणं. नाहीतर थेट विचारायचं, "बाबा रे, तुला हे येतं का?" याला म्हणतात फीचर डिटेक्शन. नाव विचारण्याची सवय वेबला आधी लागली, आणि तिथूनच सगळं महाभारत घडलं. आपल्याकडे आडनाव कशासाठी विचारतात हे मी सांगायला नको. ब्राउझरच्या बाबतीतही हेतू तोच होता: कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला दारात थांबवायचं.

सुरुवातीला प्रकरण साधं होतं. १९९३ साली इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसएमधून मोझॅक हा ब्राउझर आला. १९९४ च्या डिसेंबरात नेटस्केप आला. नेटस्केपचं घरातलं नाव मोझिला, त्यामुळे प्रत्येक पान मागताना तो सर्व्हरला आपली ओळख 'मोझिला' अशी सांगायचा. या ओळखपत्राला यूजर एजंट म्हणतात. नेटस्केपला पुढे फ्रेम्स यायला लागल्या, इतरांना येत नव्हत्या. मग साइटवाल्यांनी काय केलं? ओळखपत्रात 'मोझिला' दिसलं तर चांगलं पान द्यायचं, नाही दिसलं तर साधं. झालं. १९९५ साली मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररने आपल्या दुसऱ्या आवृत्तीत ओळखपत्रावर चक्क 'मोझिला' लिहिलं आणि कंसात बारीक अक्षरांत 'कंपॅटिबल, एमएसआयई २.०'. दार उघडत नाही म्हटल्यावर आडनावच बदललं! त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, आणि डिसेंबरात जावास्क्रिप्टची घोषणा झाली. म्हणजे आपण वेबवर पोचलो तेव्हा खोटी नावं लावायची रीत पडत आलेली होती.

एकाने लावलं मग सगळ्यांनीच लावलं. केडीईवाल्यांचं केएचटीएमएल इंजिन 'लाइक गेको' म्हणायला लागलं, त्यातून निघालेल्या सफारीने तेच पुढे चालवलं, २००८ मध्ये आलेल्या क्रोमने त्यात 'सफारी' जोडलं. आजही क्रोमचं ओळखपत्र वाचलंत तर त्यात मोझिला, ॲपलवेबकिट, केएचटीएमएल, गेको, सफारी अशी सगळी वंशावळ सापडेल, आणि त्यातलं निम्मं त्याच्या घराण्यातलं नाही.

योग्य प्रश्न विचारणारे लोक तेव्हाही होते बरं का. १९९६ च्या ऑगस्टमध्ये नेटस्केप ३ आला. त्यात माउस नेला की चित्र बदलतं, ही करामत जावास्क्रिप्टमधून करता यायला लागली. त्याच महिन्यात आलेल्या इंटरनेट एक्स्प्लोरर ३ ला ती विंडोजवर जमत नव्हती, तिथं एरर यायची. नावावरून ठरवायचं तर 'एक्स्प्लोरर ३ असेल तर करू नका' असं लिहायचं. पण मॅकवरच्या एक्स्प्लोरर ३.०१ ला ते येत होतं! नाव तेच, आवृत्ती जवळपास तीच, आणि अंगात गुण वेगळा. म्हणून शहाणी मंडळी एकच ओळ लिहायची: 'इफ (डॉक्युमेंट.इमेजेस)'. पानावरच्या चित्रांची यादी तुझ्याकडे आहे का? असेल तर पुढे, नसेल तर गप्प. नाव नाही, गाव नाही.

पण प्रश्न विचारण्यातही गोम असते. १९९७ मध्ये नेटस्केप ४ आणि एक्स्प्लोरर ४ आले आणि पानावरच्या वस्तू हलवायच्या दोघांच्या दोन तऱ्हा झाल्या. नेटस्केपकडे 'डॉक्युमेंट.लेयर्स', एक्स्प्लोररकडे 'डॉक्युमेंट.ऑल'. लोकांनी या दोन वस्तू आहेत का हे तपासायला सुरुवात केली. वरवर हे फीचर डिटेक्शन, पण मनात मात्र 'ऑल आहे म्हणजे हा एक्स्प्लोरर, म्हणजे याला एक्स्प्लोररची बाकीची सगळी कामंही येत असणार' असा हिशेब. भाषा विचारायच्या मिषाने आडनावच काढून घेतलं की! २००० च्या नोव्हेंबरात नेटस्केप ६ आला, त्याच्याकडे दोन्ही नव्हतं. डब्ल्यू३सीने १९९८ च्या ऑक्टोबरात ठरवून दिलेली सरळ पद्धत, 'गेटएलिमेंटबायआयडी', त्याला उत्तम येत होती. पण त्याला ती विचारतो कोण? "लेयर्स नाही, ऑल नाही, तू कोण रे?" असं म्हणून साइट्स त्याला बाहेर काढायच्या.

या 'डॉक्युमेंट.ऑल'चा शेवट तर असा झालाय की कुणाला सांगितलं तर पटत नाही. पुढे इतर ब्राउझरांनाही जुन्या पानांसाठी ते द्यावं लागलं. पण दिलं तर 'ऑल आहे का?' विचारणारं कोड त्यांना एक्स्प्लोरर समजून भलत्याच रस्त्याला नेणार. मग तोडगा निघाला. ते आहे, वापरलंत तर चालतंही, पण 'आहे का?' विचारलं तर 'नाही' म्हणतं. प्रकार विचारला तर 'अनडिफाइन्ड' सांगतं. एचटीएमएलच्या प्रमाण ग्रंथात ही लबाडी रीतसर नोंदवलेली आहे आणि जावास्क्रिप्टच्या भाषेतही या एका वस्तूसाठी खास अपवाद करून ठेवलाय. आत्ता ब्राउझरचं कन्सोल उघडून करून बघा, मी थांबतो.

नावावरून वागवण्याचा कळस मात्र २००३ मधला. एमएसएनची साइट ओपेरा ७ ला वेगळी स्टाइलशीट पाठवत होती आणि तिच्यात मजकूर ३० पिक्सेल डावीकडे सरकवलेला होता. पान मोडकं दिसायचं आणि बघणाऱ्याला वाटायचं ब्राउझरच टुकार. ओपेराच्या लोकांनी ओळखपत्रावर 'ओपेरा'ऐवजी 'ओप्रा' लिहून बघितलं, तर मोडकी स्टाइलशीट यायची बंद! चिडून त्यांनी १४ फेब्रुवारीला ओपेराची खास 'बॉर्क' आवृत्ती काढली. ती एमएसएनची साइट उघडली की सगळा मजकूर मपेट शोमधल्या स्वीडिश आचाऱ्याच्या बडबडीत बदलून दाखवायची. भांडावं तर असं.

आता आपल्या घरात येऊ. मराठी वेबवर हा प्रश्न इंग्रजीपेक्षा जास्त बोचरा होता, कारण इथं पान थोडं वाकडं दिसण्याचा मामला नव्हता. अक्षर दिसणार की नाही याचा होता. युनिकोड रुळायच्या आधी मराठी साइट्स शिवाजी, सुषा, किरण, श्रीलिपी अशा फॉन्टांवर चालायच्या. या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले. फॉन्ट असला तर मराठी, नसला तर रोमन अक्षरांचा चिवडा. वाचकाने फॉन्ट उतरवून घेण्याची कटकट टाळायला डायनॅमिक फॉन्ट आले. नेटस्केप ४ साठी बिटस्ट्रीमचा पीएफआर, एक्स्प्लोररसाठी मायक्रोसॉफ्टचा ईओटी. एकाचं दुसऱ्याला चालत नाही. पुढे नेटस्केप ६ ने पीएफआर सोडूनच दिलं, आणि २००४ च्या नोव्हेंबरात आलेल्या फायरफॉक्स १.० ला दोन्ही येत नव्हतं. म्हणून कितीतरी मराठी पानांच्या तळाशी 'हे पान एक्स्प्लोररमध्येच बघा' अशी पाटी असायची. फायरफॉक्सवाल्या वाचकांसाठी 'पद्म' नावाचं एक एक्स्टेन्शन होतं, ते हा चिवडा युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. तेलुगू वाचकांच्या गरजेतून सुरू झालेलं, मराठीलाही उपयोगी पडलं. (पुन्हा आमची सोलापुरी सोयरीक!)

वाचकाकडे फॉन्ट आहे का, हे स्क्रिप्टला विचारायची तेव्हा सोय नव्हती. पण माणसं हुशार. एक शब्द लपवून ठेवायचा, आधी ठरावीक रुंदीच्या अक्षरात मोजायचा, मग 'शिवाजी, आणि तो नसेल तर तेच ठरावीक अक्षर' असं सांगून परत मोजायचा. रुंदी बदलली तर शिवाजी आहे, नाही बदलली तर नाही. साडीचा पोत नुसत्या हाताने ओळखावा तसं.

युनिकोड आल्यावर हीच युक्ती जोडाक्षरांना लावता यायची. 'क्ष' जोडून उमटला तर तो सुट्या 'क्', 'ष' पेक्षा अरुंद, म्हणजे यंत्राला देवनागरी जुळवता येते. विंडोज एक्सपीवर कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'ची चौकट टिकवावी लागायची, त्यासाठी कधी सीडी शोधावी लागायची. ज्याने ते केलं नाही त्याच्याकडे पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे न येता मागे जाऊन बसण्याची भीती. आणि गंमत अशी की नेमकी ही मोडतोड रुंदी मोजून सापडत नाही! वेलांटी अलीकडे असो की पलीकडे, बेरीज तेवढीच. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत खुपणारी चूक स्क्रिप्टला दिसतच नाही. मोबाइलवर तर आणखी वाईट. अँड्रॉइड २ च्या काळातल्या बऱ्याच फोनांवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन. तेव्हाचा जालीम उपाय ज्यांनी केला ते आठवून हसतील: ओपेरा मिनीच्या पत्त्याच्या जागी 'ओपेरा:कॉन्फिग' टाइप करायचं आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी बिटमॅप फॉन्ट वापरायला 'होय' म्हणायचं. मग अक्षरं चित्र बनून सर्व्हरवरून यायची. फोनला येत नाही ना, मग त्याच्या बदली दुसऱ्याने करायचं.

वाचण्याचं असं, तर लिहिण्याची आणखी एक तऱ्हा. मनोगत, मिसळपाव अशा स्थळांवर, गमभनसारख्या साधनांतून, रोमन की दाबली की पानातच देवनागरी उमटायचं. पिढीच्या पिढी अशी लिहिती झाली. पण आत काय चालायचं? जुन्या एक्स्प्लोररमध्ये कीचा क्रमांकच बदलता यायचा. 'के' दाबलं, आपण क्रमांक 'क'चा करून टाकला, काम फत्ते. फायरफॉक्समध्ये ते चालत नसे. तिथं दाबलेली की अडवायची, कर्सर कुठं आहे ते 'सिलेक्शनस्टार्ट'ला विचारायचं, मजकूर तिथं कापायचा, अक्षर घालायचं आणि परत जोडायचं. वर चौकट उडी मारून पहिल्या ओळीवर जायची, ते सावरायचं ते वेगळंच. अशी स्क्रिप्ट नावावर बेतली तर ओपेरा हमखास अडकणार, कारण ८ व्या आवृत्तीपर्यंत तो आपण होऊन एक्स्प्लोरर ६ चं नाव लावायचा.

गुण विचारणाऱ्यांचीही इथं एक सुरेख फजिती व्हायची. 'इफ (सिलेक्शनस्टार्ट)' असं विचारलं आणि कर्सर अगदी सुरुवातीला असेल, तर उत्तर येतं ०. जावास्क्रिप्टच्या लेखी ० म्हणजे नाही! ब्राउझरने खरं उत्तर दिलं, "आहे, शून्यावर आहे", आणि आपण ऐकलं "नाही". मग लिहिलेल्या मजकुराच्या आरंभी टाकलेलं अक्षर जाऊन शेवटी बसायचं. त्या काळच्या कोडांत 'किंवा शून्य असेल तर' अशी शेपटी जोडलेली दिसते ती यामुळेच.

लायब्रऱ्यांना हे शहाणपण यायला वेळ लागला. जेक्वेरी २००६ मध्ये आली तेव्हा तिच्यात 'जेक्वेरी.ब्राउझर' होतं, नाव सांगणारं. २००९ च्या जानेवारीत, १.३ मध्ये, 'जेक्वेरी.सपोर्ट' आलं आणि जुनं वापरू नका असं सांगितलं गेलं. काढून टाकलं ते २०१३ मध्ये. २००९ मध्येच मॉडर्नायझर आली, ती तर फक्त 'येतं का?' एवढंच विचारते. पुढे सीएसएसमध्येही '@सपोर्ट्स' आलं. हा भाग कुठंही वाचायला मिळेल, म्हणून इथं आवरतो.

यात अडकतं कोण, ते सांगतो. साधारण २०१६ ची गोष्ट. मी इंजिनिअरिंगला होतो. ओळखीच्या नेट कॅफेत एक विडी कामगार बाई मुलीला घेऊन शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आल्या होत्या, मुदतीचा शेवटचा दिवस. कॅफेतल्या मशिनवर क्रोम. साइट (नाव सोडून द्या) म्हणे, "आपला ब्राउझर चालणार नाही, इंटरनेट एक्स्प्लोरर ८ किंवा पुढचा वापरा." त्या मशिनवर लिनक्स, एक्स्प्लोरर आणायचा कुठून? बाई उठायच्या बेतात होत्या, हजेरी बुडवून आलेल्या. मी एफ१२ दाबून क्रोमचं ओळखपत्र बदललं, एक्स्प्लोरर ११ केलं. तरी नकार! मग ट्यूब पेटली. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये ११ व्या आवृत्तीतून 'एमएसआयई' हा शब्दच काढून टाकला होता, जुन्या स्क्रिप्टांनी आपल्याला जुनं समजू नये म्हणून, आणि वर 'लाइक गेको' जोडलं होतं. साइट शोधत होती 'एमएसआयई'. म्हणजे खुद्द मायक्रोसॉफ्टचा ताजा ब्राउझर तिला चालत नव्हता! १० निवडलं, दार उघडलं. त्यानंतर त्याच क्रोममध्ये फॉर्म सुरुवातीपासून शेवटपर्यंत भरला गेला, फोटोही चढला, एकही गोष्ट अडली नाही. त्या पानाला लागणारं सगळं क्रोमला येत होतं. विचारलं कुणी नव्हतं.

पण थेट विचारणंही अगदी सोवळं नाही हो. शंभर प्रश्न विचारले की शंभर उत्तरांची बेरीज होऊन माणूस ओळखता येतो. ईएफएफ या संस्थेने २०१० मध्ये पॅनॉप्टिक्लिक नावाची चाचणी घेतली, तर सुमारे ८४ टक्के ब्राउझर एकमेवाद्वितीय निघाले, नाव न सांगता. त्यात फॉन्टांच्या यादीचा वाटा मोठा. वरची रुंदी मोजायची युक्ती आठवा. ज्याच्या मशिनवर शिवाजी, किरण आणि श्रीलिपी तिन्ही सापडतील तो कोण? बहुतेक एखादा लग्नपत्रिका छापणारा डीटीपीवाला! म्हणूनच सफारी २०१८ पासून वाचकाने स्वतः घातलेले फॉन्ट साइटला दाखवतच नाही.

नावाचा खेळ इकडे चालूच. ओपेरा १० आला २००९ मध्ये, तेव्हा साइट्स आवृत्तीचा पहिला आकडा वाचून त्याला 'ओपेरा १' समजायला लागल्या. शेवटी त्याने ओळखपत्रावर कायमचं ९.८० लिहून टाकलं. २०२२ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स १०० वर पोचले तेव्हा तीच धास्ती परत. फायरफॉक्सने तर ११० ते ११९ या दहा आवृत्त्यांत ओळखपत्रावरचा 'आरव्ही' आकडा १०९ वरच अडवून धरला, कारण 'आरव्ही:११' असं दिसलं की काही साइट्स त्याला इंटरनेट एक्स्प्लोरर ११ समजत. आणि तो एक्स्प्लोरर ११ मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला निवृत्त केलेला! मेलेल्या माणसाच्या नावाने जिवंत माणसाची अडवणूक.

ऑफिसात गेल्या वर्षी याचंच मराठी रूप बघितलं. पावतीवर रक्कम देवनागरी आकड्यांत हवी होती. ब्राउझरमध्ये 'एमआर-आयएन' सांगितलं की १,२३,४५६ असं छान येतं. सर्व्हरवर जुना नोड होता, तिथं तीच ओळ इंग्रजी आकडे द्यायची. एरर नाही, काही नाही. कोडात 'इंटल आहे का?' अशी तपासणी होती आणि उत्तर खरंच 'आहे' असं होतं. यंत्र होतं, मराठीची माहिती तेवढी भरलेली नव्हती. नोडच्या तयार आवृत्त्यांत २०१९ च्या ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे १३ वी आवृत्ती येईपर्यंत, फक्त इंग्रजीचीच यायची. बरोबर प्रश्न 'सपोर्टेडलोकेल्सऑफ' हा. त्याला 'एमआर' विचारलं तर जुन्या नोडवर रिकामी यादी येते, नव्यावर मराठी. क्लायंट सर्व्हर बदलायला तयार नव्हता, म्हणून ती एक ओळ घातली आणि यादी रिकामी आली तर दहा आकडे एकास एक बदलून टाकायचे असं ठरलं. पहिली चाचणी पावती आली १२३,४५६ अशी. आकडे मराठी, स्वल्पविराम अमेरिकेचा. मग लाखाचा स्वल्पविराम हातानेच बसवला.